पंचाहत्तर सेंट आणि कोकिळेचं अंडं

परवा ऑफिसात महिनाअखेरचा रिकन्सिलिएशन रिपोर्ट बघत बसलो होतो. दोन सिस्टिम्सच्या एकूण रकमा जुळायला हव्यात, आणि त्या तीन रुपयांनी जुळत नव्हत्या. टीम लीडला दाखवलं तर तो म्हणाला, "राउंडिंग असेल रे, सोड. तीन रुपयांसाठी कोणी बसतं का?"

मी बसलो. कारण असा फुटकळ फरक दिसला की मला क्लिफ स्टोल आठवतो. आपल्या धंद्यातल्या माणसांना ही गोष्ट माहीत असायला हवी असं मला फार वाटतं, आणि आजूबाजूला विचारलं तर दहातल्या एकालाही माहीत नसते. म्हणून आज ती सांगतो.

तर झालं असं. साल १९८६. कॅलिफोर्नियात बर्कलेच्या टेकडीवर लॉरेन्स बर्कले लॅबोरेटरी नावाची मोठी संशोधन संस्था आहे. क्लिफर्ड स्टोल तिथे खगोलशास्त्रज्ञ होता, केक दुर्बिणीच्या कामावर. ग्रँट संपली. नोकरी जाणार म्हणता म्हणता लॅबने त्याला खाली तळघरातल्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये पाठवलं. म्हणजे आपल्या भाषेत, बेंचवरच्या माणसाला मिळेल त्या प्रोजेक्टवर टाकलं. :-)

तिथे कॉम्प्युटर वापरल्याबद्दल प्रत्येक विभागाला बिल जायचं. मशीनवर किती वेळ काम केलं त्याचा हिशेब ठेवणारे दोन वेगळे प्रोग्रॅम होते. एक युनिक्सबरोबर आलेला, दुसरा लॅबमधल्याच विद्यार्थ्यांनी कधीतरी लिहिलेला. या दोघांच्या हिशेबात पंचाहत्तर सेंटचा फरक येत होता. नव्या माणसाला काम शिकवायला म्हणून तो फरक शोधायचं काम स्टोलला दिलं गेलं.

राउंडिंग नव्हतं. 'हंटर' नावाचं एक नवं खातं कोणीतरी उघडलं होतं, आणि बिल कुठे पाठवायचं याची नोंदच नव्हती. ते खातं काढून टाकलं आणि विषय संपला असं वाटलं. मग थोड्याच दिवसांत बाहेरच्या एका संगणक केंद्राचा निरोप आला, की तुमच्याकडून कोणीतरी आमच्या मशीनमध्ये घुसायचा प्रयत्न करतंय. नोंदी तपासल्या तर त्या वेळी जो लॉग-इन होता तो स्वेन्टेक नावाचा जुना सहकारी तेव्हा इंग्लंडात होता. माणूस देश सोडून गेला, खातं मात्र चालू.

आता आत शिरलेला माणूस साध्या खात्यावरून थेट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कसा झाला ते बघा. लॅबमध्ये ईमॅक्स नावाचा एडिटर होता. त्याच्याबरोबर ईमेलची फाइल एका जागेवरून दुसरीकडे हलवणारा एक छोटासा प्रोग्रॅम येतो. तो तिथे सर्वाधिकार देऊन बसवलेला होता. त्यामुळे त्याच्या मदतीने कोणीही, कुठलीही फाइल, कुठेही ठेवू शकत होतं. युनिक्समध्ये दर पाच मिनिटांनी आपोआप चालणारा एक सिस्टिमचा प्रोग्रॅम असतो. या पाहुण्याने त्या प्रोग्रॅमच्या जागी त्याच नावाचा स्वतःचा प्रोग्रॅम ठेवला. पाच मिनिटं वाट बघितली. सिस्टिमने बिनदिक्कत तो चालवला आणि पाहुण्याला सगळे अधिकार बहाल केले. मग त्याने मूळ प्रोग्रॅम गुपचूप परत जागेवर ठेवून दिला.

स्टोलने पुढे १९८९ मध्ये या सगळ्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'द कक्कूज एग'. युरोपातला कक्कू दुसऱ्या पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालतो. आपल्याकडे हेच काम कोकिळा करते, आणि फसतो तो कावळा. एवढा चतुर म्हणून प्रसिद्ध असलेला पक्षी, पण अंडं घरट्यात आहे म्हणजे आपलंच, एवढंच तो बघतो आणि ऊब देत बसतो. युनिक्सही तेच करत होतं. फाइल योग्य जागी आहे, नाव योग्य आहे, मग चालवा.

असो. आपण असतो तर काय केलं असतं? भोक बुजवलं असतं, सगळ्यांचे पासवर्ड बदलले असते आणि तिकीट बंद केलं असतं. स्टोलने उलटं केलं. दार उघडंच ठेवायचं आणि येणारा कोण आहे ते बघायचं असं ठरवलं. साहेबांनी तीन आठवडे दिले. लागलं जवळपास वर्ष.

लॅबमध्ये बाहेरून फोनवर येणाऱ्या पन्नास लाइन्स होत्या. त्यातल्या कुठल्या लाइनवरून पाहुणा येतो हे कसं कळणार? शुक्रवारी संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर स्टोलने लोकांच्या टेबलांवरचे प्रिंटर आणि टर्मिनल्स उचलून आणले आणि एकेका लाइनला एकेक जोडून टाकलं. स्वतः तिथेच टेबलाखाली झोपला. त्या शनिवार-रविवारात पाहुणा आला, आणि त्याने दाबलेलं प्रत्येक बटण कागदावर छापलं गेलं. हे प्रिंटर पाहुण्याला दिसणं शक्य नव्हतं, कारण ते कॉम्प्युटरला जोडलेलेच नव्हते, बाहेरून येणाऱ्या तारांवर बसवलेले होते. मॉनिटरिंग सिस्टिम मूळ सिस्टिमच्या बाहेर असावी हा धडा आज आपण आर्किटेक्चरच्या मीटिंगमध्ये मोठमोठ्या शब्दांत मांडतो. तो इथे उसन्या प्रिंटरवर शिकायला मिळतो.

त्या कागदांवरून पाहुण्याचा स्वभाव कळत गेला. एक गंमत सांगतो. कोण काय चालवतंय हे बघायला पाहुणा जी कमांड द्यायचा, तिला तो एक जादा अक्षर जोडायचा. बर्कलेच्या युनिक्समध्ये त्या अक्षराला काही अर्थच नव्हता. एटी अँड टीच्या युनिक्समध्ये होता. म्हणजे हा माणूस बर्कलेच्या परिसरातला नव्हे. पुण्यात कोणी "काय करून राहिला बे" म्हणालं की त्याचं गाव विचारावं लागत नाही, तसंच हे. बोटांनासुद्धा बोली असते.

दुसरी गोष्ट म्हणजे पाहुणा काही फार मोठा जादूगार नव्हता. सिनेमात दाखवतात तसं धडाधड टाइप करून 'अ‍ॅक्सेस ग्रँटेड' वगैरे काही नाही. तो फक्त चिकट होता. लॅबच्या मशीनवरून तो अमेरिकन लष्कराच्या मिलनेट नेटवर्कवर जायचा आणि एकामागून एक दारं ढकलून बघायचा. मशीनबरोबर कंपनीने दिलेलं 'सिस्टिम' हे खातं आणि 'मॅनेजर' हा पासवर्ड. 'फील्ड' आणि 'सर्व्हिस'. 'गेस्ट'. उघडलं तर आत, नाहीतर पुढचं दार. स्टोलच्या हिशेबाप्रमाणे त्याने सुमारे ४५० कॉम्प्युटर्सवर प्रयत्न केला आणि तिसाहून जास्त ठिकाणी आत शिरला. आत गेल्यावर फाइल्समध्ये शोधायचे शब्द ठरलेले. 'न्यूक्लिअर', 'नोराड', आणि 'एसडीआय', म्हणजे रेगनसाहेबांची ती अवकाशातून क्षेपणास्त्रं पाडण्याची योजना.

एवढं कळल्यावर स्टोलने एफबीआयला फोन केला. त्यांनी विचारलं, नुकसान किती? पंचाहत्तर सेंट. पाच लाख डॉलरचं नुकसान किंवा गोपनीय माहितीची चोरी असेल तर बघू म्हणाले. सीआयए, एनएसए, हवाई दलाचं तपास खातं, सगळ्यांना माहिती हवी होती, पण "हे आमचं काम" असं म्हणायला कोणी तयार नव्हतं. सरकारी खिडक्यांचा अनुभव ज्याला आहे त्याला हे वाचून अमेरिका एकदम जवळची वाटायला लागते.

मग याने आपलं विज्ञान वापरलं. नेटवर्कवरून पाठवलेल्या प्रत्येक तुकड्याची पोच परत यायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यावरून अंतर काढलं, तर हजारो मैल निघालं. म्हणजे पाहुणा अमेरिकेतला नाहीच! स्टोलने सुरुवातीला त्यावर विश्वास ठेवला नाही, पण शेवटी फोन आणि नेटवर्क कंपन्यांच्या लोकांनी माग काढला तो अटलांटिकच्या पलीकडे, पश्चिम जर्मनीत. ब्रेमेनचं विद्यापीठ, आणि तिथून मागे हॅनोव्हर शहर.

इथे गाडी अडली. जर्मन टेलिफोन एक्स्चेंजमधले स्विच जुने, यांत्रिक होते. कॉल कुठून आला हे शोधायला माणसाने स्वतः तारा बघत जावं लागायचं, आणि त्याला तासभराहून जास्त वेळ लागायचा. पाहुणा तर काही मिनिटांत काम उरकून जायचा. त्याला तास-दोन तास बसवून कसं ठेवायचं?

उपाय सुचवला स्टोलच्या मैत्रिणीने, मार्थाने. त्याला हवं तेच द्या की! दोघांनी मिळून एक खोटं ऑफिस उभं केलं. 'एसडीआयनेट' नावाचा काल्पनिक प्रकल्प, त्याची काल्पनिक सेक्रेटरी, आणि तिच्या नावावर कंटाळवाण्या सरकारी भाषेतल्या लांबच लांब फाइल्स. त्यातच एक पत्र घातलं, की अधिक कागदपत्रं हवी असल्यास या पत्त्यावर टपालाने मागवा. पाहुणा खूश. तासभर फाइल्स उतरवत बसला, आणि तिकडे हॅनोव्हरमध्ये कॉलचा माग पूर्ण झाला. आज ज्याला आपण हनीपॉट म्हणतो, त्याचं हे पहिल्या काही उदाहरणांपैकी एक.

काही महिन्यांनी खरंच एक पत्र आलं. अमेरिकेतल्याच पिट्सबर्गहून. एसडीआयनेटची कागदपत्रं पाठवा म्हणून. त्या प्रकल्पाचं नाव जगात फक्त स्टोलच्या माणसांना आणि त्या चोराला माहीत होतं. म्हणजे चोराने वाचलेलं तिसऱ्याच कोणापर्यंत तरी पोचत होतं.

पाहुण्याचं नाव मार्कुस हेस. जर्मन पोलिसांनी १९८७ मध्ये त्याच्याकडे छापा घातला आणि १९८९ च्या मार्चमध्ये तो आणि त्याचे साथीदार पकडले गेले. तेव्हा उलगडा झाला, की ही मंडळी अमेरिकन कॉम्प्युटर्समधून काढलेली माहिती आणि सॉफ्टवेअर पूर्व बर्लिनमध्ये केजीबीला विकत होती. १९९० मध्ये तिघांना हेरगिरीबद्दल शिक्षा झाली, पण ती निलंबित ठेवण्यात आली.

गोष्ट इथे संपवली तर ती झकास हेरकथा होते. मला मात्र त्या टोळीतला दुसराच एक माणूस विसरता येत नाही. कार्ल कॉख. 'हॅगबार्ड' या टोपणनावाने ओळखला जायचा. १९८८ मध्ये त्याने स्वतःहून जाऊन अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं. १९८९ च्या मे महिन्यात तो गाडी घेऊन बाहेर पडला तो परत आलाच नाही. जूनच्या सुरुवातीला उत्तर जर्मनीतल्या एका जंगलात त्याचा जळालेला मृतदेह सापडला. आत्महत्या अशी नोंद झाली. शंका घेणारे आजही आहेत. तेवीस वर्षांचा होता. मी तेवीस वर्षांचा होतो तेव्हा कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये जावा शिकत होतो.

हे असं का झालं असावं? त्यासाठी 'हॅकर' या शब्दाकडे जरा मागे जाऊन बघायला हवं. हा शब्द शिवी म्हणून जन्माला आलेला नाही. १९५० च्या दशकाच्या शेवटी एमआयटीमध्ये खेळण्यातल्या रेल्वेचा एक क्लब होता. रुळांखालच्या तारांच्या जंजाळात रमणारी पोरं एखाद्या हुशार जुगाडाला 'हॅक' म्हणायची. तीच पोरं रात्री-अपरात्री कॉम्प्युटरवर बसायला लागली. त्यांच्या मते माहिती मोकळी असावी, दारांना कुलपं नसावीत, आणि माणसाची किंमत त्याच्या डिग्रीवरून नव्हे तर त्याच्या कोडवरून ठरावी. ईमॅक्स लिहिणारा रिचर्ड स्टॉलमन याच परंपरेतला. म्हणजे बघा, लॅबमध्ये चोर शिरला तो हॅकर संस्कृतीने मोकळ्या मनाने वाटलेल्या सॉफ्टवेअरच्या वाटेने. (चूक सॉफ्टवेअरइतकीच ते सर्वाधिकार देऊन बसवणाऱ्याची होती, हेही खरं.)

जर्मनीत १९८१ मध्ये केऑस कॉम्प्युटर क्लब निघाला. तिथल्या लोकांनी १९८४ मध्ये सरकारी पोस्टखात्याच्या 'बीटीएक्स' या ऑनलाइन सेवेतली त्रुटी वापरून हॅम्बर्गच्या एका बँकेच्या खात्यातून रातोरात सुमारे १,३५,००० मार्क आपल्याकडे वळवले. आणि दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर ते परत केले! पोस्टखातं आपली सेवा सुरक्षित आहे असं सांगत होतं, ते खोटं आहे हे दाखवायला एवढं करावं लागलं.

हेस आणि कंपनी याच वातावरणात वावरणारी. कुतूहल तेच, रात्रीची जागरणं तीच, तंत्रही तेच. मग फरक काय? मला विचाराल तर भोक सापडल्यावर ते तुम्ही कोणाला सांगता, यात सगळा फरक आहे. क्लबने सगळ्या जगाला सांगितलं, आणि हेसच्या टोळीने पैसे देणाऱ्या एकालाच. इतकी बारीक रेघ आहे ती. कॉखसारखा पोरगा ती रेघ ओलांडून गेला, आणि परत यायचा प्रयत्न केला तेव्हा परतीची वाट सापडली नाही.

"मी फक्त बघितलं, चोरलं काहीच नाही" हा हॅकर्सचा नेहमीचा बचाव असतो. कॉलेजात मलाही तो पटायचा. वर्गातल्या एकाने लॅबच्या सगळ्या मशीन्सचा पासवर्ड शोधून काढला होता, तर तो आमचा हीरो होता. स्टोल वाचल्यावर मत बदललं. चाळीत दुपारी सगळ्यांची दारं उघडी असतात. कोणी एकजण रोज सगळ्या घरांत शिरून कपाटं उघडून बघतो, नेत काहीच नाही. महिन्याभराने सगळ्या दारांना कुलपं लागतात आणि साखर मागायला शेजारी जाणं बंद होतं. गेलं काय? हिशेबात दाखवता येईल असं काहीच नाही, पंचाहत्तर सेंटसुद्धा नाही. पण चाळ चाळ राहिली नाही. स्टोल हा मुळात लांब केसांचा, सरकारी यंत्रणांकडे संशयाने बघणाऱ्या बर्कलेचा माणूस. त्याचा संताप देशाची गुपितं गेली म्हणून नव्हता. एकमेकांच्या भरवशावर उभं राहिलेलं नेटवर्क कोणीतरी नासवतंय म्हणून होता.

आणि तो भरवसा लवकरच संपला. तपासाच्या काळात स्टोलची एनएसएमधल्या रॉबर्ट मॉरिस या ज्येष्ठ तज्ज्ञाशी भेट झाली होती. युनिक्सची पासवर्ड लपवून ठेवण्याची पद्धत घडवणाऱ्यांपैकी हा एक. २ नोव्हेंबर १९८८ ला इंटरनेटवर एक 'वर्म' सुटला आणि स्वतःच्या प्रती काढत हजारो मशीन्स ठप्प करून गेला. आकडा ६,००० असा सांगतात, पण तो अंदाजच. त्याच्या युक्त्यांपैकी एक म्हणजे लोकांचे सोपे पासवर्ड ओळखणं. हा वर्म लिहिणारा विद्यार्थी होता रॉबर्ट टॅपन मॉरिस, त्याच तज्ज्ञाचा मुलगा! बापाने कुलूप केलं आणि पोराने सगळ्या जगाला दाखवलं, की लोक किल्ली पायपुसण्याखालीच ठेवतात. त्याला १९९० मध्ये तीन वर्षांचं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि दंड झाला. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला. त्या वर्मनंतरच अमेरिकेत अशा संकटांसाठी पहिलं 'सर्ट' पथक उभं राहिलं.

आता आपल्या गावाकडे येतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन-तीन दिवसांत ९४ कोटींहून जास्त रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. बातम्यांत आलेली पद्धत अशी, की एटीएमकडून येणारी विचारणा बँकेच्या खऱ्या सिस्टिमपर्यंत पोचण्याआधी चोरांनी स्वतःचा खोटा स्विच मधे बसवला. तो प्रत्येक विचारणेला "हो, द्या पैसे" म्हणत राहिला. वाचलं आणि मला ३२ वर्षांपूर्वीचा बर्कलेचा तो प्रोग्रॅम आठवला. घरट्यात अंडं आहे म्हणजे आपलंच असणार! चोर बदलले, हेतू बदलला, रकमेवरची शून्यं वाढली. युक्ती मात्र कोकिळेचीच.

माझ्या तीन रुपयांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. दीड तास घालवला आणि निघालं राउंडिंगच. :-) टीम लीड अजून चिडवतो. पण बसलोच होतो, तर त्या सर्व्हरवरच्या चालू खात्यांची यादी काढली. त्यात दोन नावं वर्षभरापूर्वी कंपनी सोडून गेलेल्यांची निघाली. एक तर आता कॅनडात असतो. आमचा स्वेन्टेक! लगेच तिकीट टाकलं.

खाती बंद व्हायला तीन आठवडे लागले. दोनदा विचारणा झाली, "अर्जंट आहे का? काही नुकसान झालंय का?"

झालेलं काहीच नाही, असं लिहून पाठवलं.